राखणीची अंगठी

त्या वर्षी दसऱ्यापासून कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या एका गल्लीत संध्याकाळचं घड्याळ कुणी बघेना. इंद्रजित खोताच्या दारातली मोटारसायकल बोंबलली की शेजारच्या पोवार काकू कुकर लावायच्या, समोरचे निवृत्त गुरुजी फिरायला निघायचे, आणि "इंद्रजित आला वाटतं," असं कुणीतरी म्हणायचं. चोराला बघून बोंबलणाऱ्या गाड्या शहरात पुष्कळ होत्या. मालकाला बघून बोंबलणारी ही एकच. आणि ती नेमकी अशा माणसाच्या वाट्याला आली होती, ज्याला कुठल्याही वस्तूतला दोष म्हणून खपत नसे.

इंद्रजित कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासनीस होता. मोजमापाचं काम केव्हाच यंत्रांकडे गेलं होतं, पण यंत्रांनी पास केलेल्या मालातून पुन्हा एकदा वेचून काढायला कंपनीला एक माणूस लागायचा, तो हा. लोखंडी भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, अंगठा फिरवायचा, आणि बारीकशी चीर जरी लागली तरी तांबडा ठिपका देऊन बाजूला टाकायचा. या कामात त्याचं नाव होतं. त्याचा अंगठा चुकत नाही असं खुद्द मॅनेजर सांगायचे, आणि इंद्रजितला ते पटलेलं होतं.

त्याची मोटारसायकल पेट्रोलची होती. अशा गाड्यांची नोंदणी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि रस्त्यावर सगळं बॅटरीवरचं, गुमान जाणारं. त्यामुळे जुन्या गाड्यांचे शौकीन एकदम वाढले आणि शौकिनांच्या पाठोपाठ चोरही. इंद्रजितनं आपली गाडी भंगारातून उचलून, एकेक भाग शोधून चार वर्षांत उभी केली होती. कामावर तो कंपनीच्या बसनं जायचा, गाडी दिवसभर दारात उभी. रविवारी मात्र ती काढून पन्हाळ्याला एक चक्कर ठरलेली. गणपतीच्या गर्दीत गल्लीतून तशाच दोन गाड्या गेल्या, तेव्हा त्याची झोप उडाली आणि तो उद्यमनगरात रेहाना मुजावरच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

गाडीला बाहेरून जे काही लावता येतं ते सगळं रेहानाकडे मिळायचं. तिनं त्याला 'राखण' दाखवली. साबणाच्या वडीएवढी काळी डबी आणि एक रबरी अंगठी. जुने अलार्म लोकांनी का काढून टाकले, ते तिनं आधी सांगितलं. मांजर चढलं की ते वाजायचे, फटाका फुटला की वाजायचे, शेजारून ट्रक गेला तरी वाजायचे. रोज उठून बोंबलणाऱ्याकडे कोण लक्ष देणार. खरा चोर आला तरी लोक कूस बदलून झोपायचे. अडचण एकच होती, परका कोण आणि आपला कोण हे यंत्राला कळायचं कसं. नावं भरून द्यावीत तर आपल्याकडे गाडी भाचा नेतो, मित्र नेतो, शेजारचा किल्ली मागून दवाखान्यात जाऊन येतो. किती नावं भरणार?

मग बनवणाऱ्यांनी उलटा विचार केला. आपला कोण, परका कोण हे एकाला आधीच माहीत असतं, मालकाच्या अंगाला. डबीतून रेडिओच्या अगदी क्षीण लहरी निघतात, समोरून येणाऱ्या माणसावर आपटून परत येतात. त्याची चाल, पाय टाकायची लय, श्वासाबरोबर हलणारी छाती यावरून डबी माणूस ओळखते. कॅमेरा नाही, फोटो नाही. अंगठी मालकाच्या बोटात. माणसाला धास्ती वाटली की मेंदू बोटांकडचं रक्त आवरतं घेतो, बोट थंड पडतं. तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो आणि कातडीतून वीज अधिक सहज वाहते. नाडी बदलते. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. तोंडानं हसता येतं, पण तळहाताला सुकं राहा म्हणून सांगता येत नाही. अंगठी हे सगळं डबीला कळवते. अमुक माणूस गाडीजवळ आला तेव्हा मालकाचं अंग निवांत होतं, तर तो आपला. अंग आखडलं, तर तो परका. पहिले पंधरा दिवस डबी नुसती शिकते, मग तोंड उघडते. शिकणं पुढंही चालूच राहतं, आणि अंग जितकं आखडलेलं तितका आवाज मोठा.

"अंगठी एकाच माणसानं घालायची, दादा," रेहाना म्हणाली. "मालक कोण, हे गाडीला त्या अंगठीवरनंच कळणार."

इंद्रजितनं मान डोलावली. त्याचं लक्ष सीटखाली तिनं वायरीला गुंडाळलेल्या चिकटपट्टीकडे होतं. पट्टी तिरकी बसली होती. ती त्यानं तिच्याकडून काढून पुन्हा लावून घेतली.

घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की कारखान्यात अंगठी चालत नाही. यंत्रांच्या भागात अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं बंद, आणि दुसऱ्यांना त्यासाठी तोच अडवायचा. काढ-घाल करत बसलं तर ती हरवणार. मग त्यानं सरळ हिशेब केला. दिवसभर गाडी घरी, घरी बायको, तेव्हा राखण बायकोकडे. त्यानं अंगठी शर्वरीला दिली.

"अठरा वर्षांनी अंगठी आणलीत, ती पण रबराची," ती हसून म्हणाली. त्यानं तिला ती कशी घालायची, कुठल्या बोटात घालायची आणि भांडी घासताना काढायची का नाही, हे समजावून सांगितलं. ती हो हो म्हणाली.

शर्वरीचं कामही घरूनच होतं. एका बियाणं कंपनीला शेतकऱ्यांचे फोन यायचे, त्यांना उत्तरं यंत्रच द्यायचं. पण जो माणूस यंत्रावर भडकायचा, त्याचा फोन हिच्याकडे वळायचा. चिडलेल्या माणसांशी शांतपणे बोलणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. मुलगी शिकायला पुण्याला होती, घरात दोघंच.

पंधरा दिवस सरले आणि राखणीनं तोंड उघडलं. पहिल्या सकाळी इंद्रजित खूश होता. गाडीच्या टाकीवर हात फिरवणाऱ्या एका अनोळखी इसमाला तिनं असं काही झापलं की तो चप्पल सोडून पळाला. दूधवाली, पोवार काकू, कचरा गोळा करणाऱ्या मावशी, कुणालाही हूं नाही. तो दसऱ्याचा आदला दिवस, खंडेनवमी. त्याच संध्याकाळी गाडीला घालायचा झेंडूचा हार घेऊन इंद्रजित बसमधून उतरला, गल्लीत वळला, दारापाशी आला आणि गाडीनं आभाळ डोक्यावर घेतलं.

त्या दिवशी सगळ्यांनी हसून घेतलं. हार बघून घाबरली असेल, असं गुरुजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, चौथ्या दिवशीही तेच. सकाळी निघताना मात्र चकार शब्द नाही, बोंब फक्त येताना. इंद्रजित डबी काढून दुकानात घेऊन गेला. रेहानानं तपासली, काही दोष नव्हता. तो पुन्हा गेला, तिनं नवी डबी दिली आणि जुनीची शिकवण तिच्यात उतरवून दिली. नवी डबीही त्याच्यावर बोंबलली. माल सदोष आहे आणि तुम्ही तो तपासून घेत नाही, असं त्यानं तिला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. रेहानाला राग आला, पण तिनं तो गिळला आणि शनिवारी घरी येऊन बघते म्हणाली.

शनिवारी इंद्रजितची सुट्टी होती. रेहाना पायरीवर टॅबलेट घेऊन बसली. तिनं आधी पोवार काकूंना कोपऱ्यावरून चालत यायला सांगितलं, गाडी गप्प. गुरुजी आले, गप्प. मग इंद्रजित कोपऱ्यावर गेला आणि चालत आला. गाडी बोंबलली, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात शर्वरी चहा घेऊन बाहेर आली. रेहानानं कप घेतला आणि तिला शर्वरीच्या बोटातली काळी अंगठी दिसली. तिनं चहा सावकाश संपवला, टॅबलेटवरच्या रेषा पुन्हा एकदा खालीवर करून बघितल्या, आणि निघताना इंद्रजितला म्हणाली की मला जरा माझ्या गाडीपर्यंत सोडा.

"अलार्म बरोबर आहे, दादा," ती कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली. "अंगठी वहिनींच्या बोटात आहे. गाडीच्या लेखी मालक त्या. तुम्ही वळणावर दिसला की त्यांचं बोट थंड पडतंय, हाताला घाम सुटतोय. एकदा नव्हे, रोज. तुम्ही सकाळी गेला की पुन्हा सगळं जागेवर."

इंद्रजित म्हणाला की मी आजवर तिच्यावर हात उगारलेला नाही, दारू पीत नाही, पगार घरात देतो.

"मी कुठं तसं म्हटलं?" रेहाना म्हणाली. "मला रेषा दिसतात, कारण दिसत नाही. तुम्हाला गाडी गप्प करायची असेल तर सोपं आहे. शिकवण पुसून टाका, घरात असाल तेव्हा अंगठी तुम्ही घाला. पंधरा दिवसांत ती तुम्हाला ओळखायला लागेल."

ती गेली. इंद्रजित तिथंच उभा राहिला. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. बायको घाबरते म्हणजे ती काहीतरी लपवत असणार, असं त्याला वाटलं. दोष शोधायची सवय असलेल्या माणसाला तो आधी दुसऱ्यातच दिसतो, त्याला इलाज नाही.

म्हणून सोमवारी तो एक बस आधीची पकडून आला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आडोशाला थांबला. तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. शर्वरी कानाला फोन लावून ओट्याला टेकून उभी होती, मुलीशी बोलत असावी, कारण हसत होती. मग नेहमीची बस आली आणि मोठ्या रस्त्यावर तिचा दरवाजा उघडल्याचा आवाज झाला. शर्वरीनं फोन ठेवला. तिनं ओटा पुसला. गॅसचा रेग्युलेटर बंद आहे का ते वाकून बघितलं, नळ घट्ट आवळला, बाहेर येऊन चपला ओळीत लावल्या, एक चप्पल तिरकी होती ती पायानं सरळ केली. आत जाऊन टीव्ही बंद केला. पुन्हा बाहेर येऊन चपलांकडे बघितलं. हे सगळं इतक्या पटापट आणि इतकं सवयीनं की तिच्या ध्यानातही येत नसावं.

इंद्रजितनं हे दृश्य आधी बघितलं होतं. परदेशी गिऱ्हाइकाचे ऑडिटर कारखान्यात यायचे तेव्हा सगळा विभाग असाच धावायचा. जमिनीवरचा तेलाचा डाग पुसायचा, पाट्या सरळ करायच्या, आणि ते लोक दारातून आत आले की इंद्रजितचेही तळहात ओले व्हायचे, हात पाठीमागे पँटला पुसून मग तो पुढं करायचा. ते वर्षातून दोनदा यायचे. हिच्याकडे ऑडिटर रोज येत होता. त्याला भयंकर लाज वाटली. घरी तो कधी ओरडला नव्हता हे खरंच होतं. आल्या आल्या तो फक्त सांगायचा. चप्पल इथं का, नळ ठिबकतोय, भाजीत पाणी जास्त झालंय, हा डबा काल इथं नव्हता. आवाज न चढवता, एकेक ठिपका देत जायचा.

त्या संध्याकाळी गाडी बोंबलली आणि तो काही न बोलता घरात गेला. भाजी खारट होती, त्यानं खाल्ली. पंखा कुरकुरत होता, त्यानं ऐकून घेतलं. असा त्यानं आठवडा काढला आणि त्याला वाटलं आता गाडी गप्प होईल. ती जास्तच बोंबलायला लागली. शेवटी जेवताना शर्वरीनंच ताट बाजूला सारलं आणि विचारलं की माझं नेमकं काय चुकलंय ते एकदा सांगून टाका. तुम्ही बोलत नाही म्हणजे काहीतरी फार मोठं चुकलं असणार, असं तिला आठवडाभर वाटत होतं.

मग इंद्रजितनं तिला सगळं सांगितलं. रेहाना काय म्हणाली ते, आणि आडोशाला उभं राहून काय बघितलं तेही.

शर्वरी बराच वेळ अंगठीकडे बघत राहिली. "मी डॉक्टरांकडे जाऊन आले होते," ती म्हणाली. "संध्याकाळी छातीत धडधडतंय म्हणून. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. काही निघालं नाही."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही विचारलं असतं, काय खाल्लंस, कधी झोपलीस, पाणी किती प्यालीस. माझंच काहीतरी चुकलंय असं निघालं असतं." ती थांबली. "तुम्ही मारलं असतंत तर माहेरी सांगता तरी आलं असतं. चपला वाकड्या होत्या म्हणून नवरा बोलला, हे मी कुणाला सांगू?"

इंद्रजितचे डोळे भरून आले. अंगठी हवी तर काढून दे, असं तो कसंबसं म्हणाला. मी घालतो, गाडी गप्प होईल, रोजची शोभा तरी थांबेल.

"गाडी गप्प होईल," शर्वरी म्हणाली. "माझं काय?"

इंद्रजित म्हणाला, "मग राहू दे तुझ्याच बोटात. वाजू दे."

"मी मुद्दाम नाही हो वाजवत."

"माहीत आहे."

"आणि मुद्दाम थांबवताही येणार नाही मला. तुम्ही चार दिवस नीट वागलात म्हणून माझा हात सुकणार नाही. तेवढं ध्यानात ठेवा."

ते त्याला ध्यानात ठेवावंच लागलं, कारण दिवाळी झाली आणि गाडी बोंबलतच राहिली. गल्लीत त्याची टिंगल व्हायची. डबी बदलून का घेत नाही, पैसे परत माग, असे सल्ले मिळायचे, आणि सगळ्या कारखान्याचा माल नापास करणारा हा माणूस चांगली आहे डबी, काही दोष नाही, म्हणून पुढं जायचा. ठिबकणारा नळ त्यानं स्वतः बदलला. मुलगी दिवाळीला आली होती, तिनं न राहवून विचारलं की बाबांना बरं नाही का. एकदा तो घसरलाही. रेग्युलेटर उघडा राहिलेला बघून त्यानं शर्वरीला जुन्या चालीवर चार गोष्टी सुनावल्या, आणि बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं माफी मागितली. शर्वरी असू दे म्हणाली. पण मधे दोनचार दिवस गाडीचा आवाज जरा बसल्यासारखा झाला होता, तो पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला. तिच्या तोंडानं माफ केलं होतं, बोटानं केलं नव्हतं. त्या रात्री जेवताना तो फार कमी जेवला.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी इंद्रजित बसमधून उतरला. डोक्यात कारखान्यातलं काहीतरी होतं. गल्लीत वळला, गुरुजींना नमस्कार केला, गाडीच्या शेजारून दारापाशी आला आणि थबकला. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की गाडी वाजलीच नाही.

बॅटरी उतरली असणार, हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. वाकून बघितलं, सीटखालचा हिरवा दिवा नीट लुकलुकत होता. मग अंगठी काढून ठेवली असेल. तो पुन्हा कोपऱ्यावर गेला आणि चालत आला. गाडी गप्प. त्यानं टाकीवर हात ठेवला, हँडल हलवलं. गप्प. एकदा बरोबर निघालेल्या मापावर तो कधीच विश्वास ठेवत नसे, म्हणून तो तिसऱ्यांदा कोपऱ्यावर गेला. पोवार काकू दारात येऊन, काही हरवलंय का, म्हणून विचारायला लागल्या. त्यांचा कुकर अजून लागला नव्हता. तो नाही म्हणाला आणि परत चालत आला. आता त्याच्याच छातीत धडधडत होतं.

खिडकीत शर्वरी उभी होती. ती केव्हापासून उभी होती, देव जाणे. हातात मटारची शेंग होती आणि बोटात अंगठी. आत टीव्ही चालू होता. दारात चपला पडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे, तिसरी उपडी. तो खिडकीकडे बघत उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, सरळ, शेंग सोलत, आणि गाडी गप्पच होती.

"किती येरझाऱ्या घालताय," ती म्हणाली. "या की आत."

त्यानं पायातले बूट काढले, ते जसे पडले तसे पडू दिले आणि तो आत गेला.